वाऱ्यावर सोडलेली भुकटी

३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावाजवळच्या एका बागेत एक विचित्र प्रयोग झाला. बाग होती कॅटाल्पा नावाच्या झाडांची. या झाडांचे लाकूड कुंपणाच्या खांबांसाठी उपयोगी पडे. सहा एकरांत सुमारे ४,८०० झाडे, प्रत्येकाची उंची पंचवीस ते तीस फूट. त्यांवर एका पतंगाच्या अळ्या पडल्या होत्या आणि पानांचा फडशा पाडत होत्या.

अळ्या मारायला औषध होते. लेड आर्सेनेट, म्हणजे शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग. सोमल हे ज्या मूलद्रव्याचे विष, तेच हे आर्सेनिक. प्रश्न औषधाचा नव्हता, ते पानांपर्यंत पोहोचवण्याचा होता. तीस फूट उंचीच्या हजारो झाडांवर जमिनीवरून औषध मारायचे, तर पंप, नळ्या, पाणी आणि माणसे यांचा मोठा खटाटोप करावा लागे. तो संपेपर्यंत अळ्यांचे काम झालेले असे.

त्या दिवशी लष्कराचे एक जुने, दोन पंखजोड्यांचे कर्टिस जेनी जातीचे विमान बागेवर आले. झाडांच्या शेंड्यांच्या पातळीला, वीस ते पस्तीस फुटांवरून, ते बागेच्या कडेने गेले, वळले, पुन्हा आले. अशा सहा फेऱ्या झाल्या. प्रत्यक्ष भुकटी सोडण्याचा वेळ मोजला तर तो भरला अवघा ५४ सेकंद. दोन दिवसांनी पाहणी झाली तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक अळ्या मेलेल्या आढळल्या.

शेतीच्या इतिहासात विमानातून कीटकनाशक टाकण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. विमान चालवत होते लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी. पुढे १९२३ साली अमेरिका खंड न थांबता पार करणाऱ्या पहिल्या विमानाचे ते एक वैमानिक होते, त्यामुळे त्यांचे नाव इतिहासात ठळकपणे राहिले. पण आपल्याला पाहायचे आहे ते मागच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे. तो एका पेटीचा दांडा हाताने फिरवत होता, आणि ती पेटी त्यानेच बनवली होती. त्याचे नाव एत्येन दॉर्म्वा.

विमानाला बसवलेले चाडे

दॉर्म्वा मूळचे फ्रान्सचे. पहिल्या महायुद्धापूर्वी वेगवान विमानांसाठी गाजलेल्या देपेर्द्युसँ या कंपनीत त्यांनी काम केले होते. युद्धानंतरच्या काळात ते ओहायोतील डेटन शहराजवळच्या मॅकुक फील्ड या लष्करी तळावर अभियंता होते. नव्या विमानांची रचना आणि चाचणी हे या तळाचे काम.

विमानातून कीटकनाशक टाकण्याची कल्पना दॉर्म्वा यांची नव्हे. आल्फ्रेड त्सिमरमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १९११ सालीच जंगलातील किडीसाठी असे पेटंट घेतले होते. ते कागदावर राहिले. ओहायोत ही कल्पना मांडली क्लीव्हलंड शहराच्या वृक्षविभागातील सी. आर. नीली यांनी. राज्याच्या कृषी संशोधन केंद्रातील कीटकतज्ज्ञ जे. एस. हाउसर यांनी ती उचलून धरली, आणि लष्कराने विमान देऊ केले. पण विमान आणि औषध एकत्र आणले म्हणजे फवारणी होत नाही. मध्ये एक यंत्र लागते. ते दॉर्म्वा यांनी दिले.

यंत्र वर्णनाला अगदी साधे होते. पत्र्याची एक पेटी, विमानाच्या धडाच्या कडेला बाहेरून बसवलेली. तळाला सरकते दार. आत भुकटी हलती ठेवून खाली सोडण्यासाठी बाहेरून फिरवायचा दांडा. खाली पडलेली भुकटी विमानाच्या मागे धावणाऱ्या हवेच्या झोतात सापडे आणि तिचा ढग होई.

हे काम किती अवघड होते याचा अंदाज एका हिशेबाने येईल. त्या दिवशी सुमारे ८० किलो भुकटी ५४ सेकंदांत सोडली गेली, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दीड किलो. त्या एका सेकंदात विमान पस्तीस मीटरच्या आसपास पुढे जाई. हाताची गती एका क्षणासाठी मंदावली तर पस्तीस मीटरचा पट्टा औषधावाचून कोरडा राहणार!

शिवाय भुकटी हा मोठा हट्टी पदार्थ आहे. ती पाण्यासारखी वाहत नाही आणि धान्यासारखी घरंगळतही नाही. दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात. पेटीच्या तोंडाशी ती कमान धरून बसते आणि वरची भुकटी तशीच अडकून राहते. गिरणीत पीठ तुंबलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र या पेटीचे मर्म चटकन कळेल. पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारे माणूस नेमके हेच करत असते. बैलांची चाल आणि मुठीतून सुटणारे बी यांचा मेळ बसला तर पेरा सारखा होतो, नाहीतर कोठे दाट, कोठे विरळ. दॉर्म्वा यांनी ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या पाभरीला चाडे बसवले आणि पहिली मूठ स्वतः धरली.

वारा हा मदतनीस

या प्रयोगातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. विमान थेट झाडांवरून गेले नाही. ते बागेच्या बाहेरून, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूने, बागेपासून काही अंतर ठेवून गेले. भुकटी सोडली ती मोकळ्या हवेत. तेथून ती बागेत नेण्याचे काम वाऱ्याने केले. ढग झाडांच्या ओळींतून सरकत गेला आणि पानांवर बसला.

म्हणजे शेतीच्या विमानाचा जन्मच वाऱ्याच्या भरवशावर झाला. त्या दिवशी मोजणी झाली ती मेलेल्या अळ्यांची. ढगातला किती भाग पानांवर बसला आणि किती बाग ओलांडून पुढे गेला, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही. एका छोट्या बागेपुरते ते चालूनही गेले. पण पुढच्या शंभर वर्षांत या तंत्राचा जो इतिहास घडला, तो बराचसा या न मोजलेल्या भागाचा इतिहास आहे.

कपाशीच्या पट्ट्यात

ट्रॉयच्या यशाची बातमी दक्षिणेकडील कपाशीच्या प्रदेशात पोहोचायला वेळ लागला नाही. तेथे बोंडांत शिरणाऱ्या सोंडकिड्याने शेतकऱ्यांना जेरीस आणले होते. लुइझियाना राज्यात टॅलुला येथे सरकारी प्रयोगशाळा होती आणि बी. आर. कोड हे तिचे प्रमुख होते. त्यांनी १९२२ पासून विमानातून कॅल्शियम आर्सेनेटची धुरळणी करून पाहिली. हाताने फिरवायच्या दांड्याची जागा हळूहळू अशा रचनांनी घेतली, की ज्यांत विमानाच्या वेगामुळे येणारा हवेचा झोतच भुकटी ओढून पसरवी. नळी मध्ये अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. वर्गात आपण शिकवतो ते बर्नुलीचे तत्त्व येथे कामाला लागले.

याच सुमारास हफ-डेलंड या कंपनीने खास धुरळणीसाठी विमान बनवले आणि १९२५ पासून शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन धुरळणी करण्याचा व्यवसाय सुरू झाला. हा व्यवसाय १९२८ मध्ये सी. ई. वुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यावरून त्याला ‘डेल्टा’ हे नाव दिले. आज जगातील मोठ्या प्रवासी विमान कंपन्यांत गणली जाणारी डेल्टा कंपनी ती हीच. तिचे मूळ कपाशीवर विष धुरळण्यात आहे!

दॉर्म्वा मात्र दुसऱ्याच वाटेने गेले. १९२४ साली त्यांनी मोटारसायकलचे इंजिन बसवलेले एक इवलेसे विमान बनवले. आंघोळीच्या टबासारख्या आकारामुळे त्याचे नावच ‘बाथटब’ पडले. १९३१ मध्ये बुल कंपनीसाठी त्यांनी ऑटोजायरो, म्हणजे डोक्यावर मोकळे फिरणारे पंखे असलेले यान, तयार केले. त्यात इंजिन मागच्या बाजूला होते. फवारणीच्या इतिहासातील त्यांचा भाग एका पेटीपुरता आहे. पण त्या पेटीने विचारलेला प्रश्न पुढच्या प्रत्येकाला सोडवावा लागला: जे सोडले ते जेथे पडायला हवे तेथेच कसे पडेल?

थेंबाचे गणित

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी नवी कीटकनाशके आली. भुकटीऐवजी द्रवाची फवारणी रूढ झाली, आणि प्रश्न थेंबाच्या आकारावर येऊन ठेपला. हे गणित वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सहज करता येईल.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता तीन आकारांचे पाण्याचे थेंब घेऊ. स्थिर हवेत ४०० मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण दीड मीटर वेगाने खाली येतो. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे २७ सेंटिमीटर, आणि १० मायक्रॉनचा थेंब जेमतेम ३ मिलिमीटर.

हे थेंब तीन मीटर उंचीवरून सोडले आणि ताशी पाच किलोमीटरची मंद झुळूक असली, तर काय होईल? मोठा थेंब दोन सेकंदांत जमिनीवर येईल आणि तेवढ्यात अडीच-तीन मीटर सरकेल. मधल्याला अकरा सेकंद लागतील आणि तो पंधरा मीटर दूर जाईल. सर्वांत लहान थेंब सोळा-सतरा मिनिटे हवेत राहील. वाटेत तो सुकला नाही असे धरले, तर तो सुमारे १,४०० मीटर दूर, म्हणजे दुसऱ्याच गावाच्या शिवारात उतरेल. आणि तो सुकला तरी त्यातले विष नाहीसे होत नाही; ते सूक्ष्म कणाच्या रूपाने आणखी पुढे जाते.

मग मोठेच थेंब का काढू नयेत? कारण गणिताची दुसरी बाजू. गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात जेवढे औषध असते, त्यात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात. एका जागी एक मोठा थेंब पडून पानावरून ओघळण्यापेक्षा चौसष्ट जागी बारीक थेंब बसले तर कीड मरण्याची शक्यता कितीतरी अधिक. बारीक थेंब पीक झाकतो, पण उडून जातो. मोठा थेंब जागेवर पडतो, पण पीक झाकत नाही. या दोन टोकांमध्ये नेमकी जागा शोधणे हेच फवारणीच्या यंत्रांचे काम आहे.

साध्या तोटीतून सगळ्या आकारांचे थेंब एकदमच बाहेर पडतात. म्हणून फिरत्या जाळीचे किंवा तबकडीचे फवारे निघाले. वेगाने फिरणाऱ्या कडेवरून द्रव फेकला गेला की थेंब पुष्कळसे सारख्या आकाराचे होतात, आणि फिरण्याचा वेग वाढवला की ते बारीक होतात. म्हणजे थेंबाचा आकार आपल्या हातात येतो. दुसरी सुधारणा तोट्यांच्या जागेची. विमानाच्या पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा तयार होतो आणि तो बारीक थेंब वर उचलतो. म्हणून तोट्यांची नळी पंखाच्या टोकापर्यंत न नेता अलीकडेच थांबवू लागले.

वैमानिकाचाही विचार झाला. फ्रेड वाइक यांनी टेक्सासमध्ये रचलेले एजी-१ हे विमान डिसेंबर १९५० मध्ये प्रथम उडाले. त्यात औषधाची टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवून त्याला उंच, मागे आणि मजबूत पट्ट्यांनी बांधून बसवले होते. अपघात झालाच तर जड टाकी मागून त्याच्या अंगावर येऊ नये, हा त्यातला हेतू. पुढच्या बहुतेक शेती-विमानांनी हीच मांडणी स्वीकारली. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९७२ साली उडवलेले ‘बसंत’ हे शेती-विमानही याच परंपरेतले.

बागेपलीकडची माणसे

यंत्र सुधारले, पण ते वापरणाऱ्याची घाई सुधारली नाही. १९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पतंगाच्या अळ्यांसाठी विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. ते घरांवर, भाजीच्या वाफ्यांवर आणि कुरणांवरही पडले. रहिवासी न्यायालयात गेले आणि हरले. पण रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले तेव्हा हे प्रकरण त्यात ठळकपणे आले. आकाशातून पडणारे विष कोणाच्या अंगणात पडावे हे कोण ठरवणार, असा तो सवाल होता.

आपल्या देशात या सवालाचे नाव कासरगोड. केरळच्या उत्तर टोकाच्या या जिल्ह्यात सरकारी मालकीच्या काजूच्या बागा टेकड्यांवर पसरल्या आहेत आणि अधूनमधून, उतारांवर, घरे आणि विहिरी आहेत. १९७० च्या दशकापासून २००० सालापर्यंत या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात असे. टेकडीच्या माथ्यावर पिकापासून थोड्या उंचीवर उडणारे हेलिकॉप्टर दरीवर आले की तेच अंतर कितीतरी वाढते. वरचे गणित पुन्हा करा: उंची दहापट झाली तर थेंब हवेत राहण्याचा काळही दहापट होतो. या भागातील मुलांमधील जन्मजात व्यंगे आणि इतर आजार यांवरून दीर्घ आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

ट्रॉयच्या बागेतले औषधही निरुपद्रवी नव्हते. शिसे आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचे विघटन होऊन ती नाहीशी होत नाहीत. ज्या जुन्या फळबागांत वर्षानुवर्षे लेड आर्सेनेट मारले गेले, तेथील मातीत ती आजही सापडतात.

पुन्हा तोच वारा

मग वारा हा शत्रूच म्हणायचा का? तसेही नाही. निर्मनुष्य वाळवंटात टोळधाडीवर फवारणी करताना आजही मुद्दाम ५० ते १०० मायक्रॉनचे बारीक थेंब सोडतात आणि वाऱ्याला ते टोळांवर पसरवू देतात. हेक्टरी जेमतेम लिटरभर औषध पुरते. म्हणजे दॉर्म्वा यांचीच युक्ती, पण थेंब मोजून. २०२० साली टोळधाड राजस्थानातून मध्य प्रदेशात आणि थेट आपल्या अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांपर्यंत आली, तेव्हा हवाई दलाच्या चंदीगड येथील दुरुस्ती तळाने एमआय-१७ हेलिकॉप्टरना फवारणीची यंत्रणा बसवून दिली. वारा तोच, फरक जागेचा. वाळवंटात जे साधन, ते वस्तीत संकट.

आता ड्रोन आले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती जाहीर केली. २०२३ च्या अखेरीस महिला बचत गटांना पंधरा हजार ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. ड्रोनच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हा, की माणूस विषापासून दूर उभा राहतो. हा मुद्दा हलका नाही. १९२१ साली दॉर्म्वा उघड्या विमानात लेड आर्सेनेटच्या पेटीशेजारी बसले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा विषबाधेने बळी गेला. शेकडो जण रुग्णालयात होते. विमानाने सुटलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

पण ड्रोन चालवणारा दूर उभा राहिला म्हणून शेजारच्या बांधावरचे मूल दूर गेले असे होत नाही. ड्रोनच्या टाकीतून निघणाऱ्या थेंबालाही तेच गणित लागू आहे. वारा किती, उंची किती, थेंब केवढा, हे तीन आकडे विचारल्याशिवाय फवारणी सुरू होऊ नये.

हे वर्गात दाखवायला विमान लागत नाही. टेबलावर पंखा मंद लावा. त्याच्यासमोर जमिनीवर काळ्या कागदाचे चौकोन वीतवीत अंतरावर मांडा. एका ठराविक उंचीवरून आधी चिमूटभर वाळू सोडा, मग तेवढीच खडूची पूड. वाळू पहिल्या-दुसऱ्या कागदावर पडेल. खडूच्या पुडीतली थोडी तेथे, थोडी पुढे, आणि काही कोठेच सापडणार नाही. मुलांना विचारा, ती कोठे गेली? उत्तर शोधताना त्यांनी उंची बदलावी, पंख्याचा वेग बदलावा, कागदावरचे कण मोजावेत.

दॉर्म्वा यांच्या पेटीतून निघालेल्या भुकटीचाही काही भाग असाच कोणत्याच कागदावर सापडला नव्हता. तो मोजायला शिकण्यात पुढची पन्नास-साठ वर्षे गेली. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते एका तासात शिकता येईल.